अप्पांचे बुडबुडे

माझा धंदा यात्रेच्या गाड्या सोडायचा. बीदर जिल्ह्यातल्या चिटगुप्प्यात बस स्टँडजवळ माझा एक गाळा आहे. त्यात एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतभर देवांचे फोटो. गिऱ्हाइकानं नुसतं बोट केलं तरी कुठं जायचंय ते मला कळावं म्हणून ते लावलेत. गाणगापूर, श्रीशैलम, तिरुपती. माणसं कमी असली तर टीटी, म्हणजे छोटी गाडी, आणि जास्त असली तर बस. सोबत आचारी, तांदळाचं पोतं, गॅसची टाकी. इतक्या वर्षांत मला एक कळलंय. यात्रेकरू तीनच गोष्टींवर भांडतात, खिडकी, चहा आणि संडास. एवढं सांभाळलं की देव आपसूक पावतो.

अशा बाईनं समुद्राच्या तळाशी जायची सहल ठरवायची म्हणजे गाढवाला गुळाची चव विचारण्यासारखं. पण ठरवली, आणि ती माझ्या वडिलांसाठी.

आमचे अप्पा कोहिनूर गावचे. आजोबांच्या काळापर्यंत आमच्या घरात मेंढरं होती. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवायला डोहात ढकलायची आणि एखादं बुडायला लागलं की मागोमाग उडी टाकायची, असं करत अप्पा लहानपणीच पाण्याला सरावले. पुढं मेंढरं गेली, शेती आली, पण पाणी सुटलं नाही. कुणाची घागर विहिरीत पडली, मोटार पडली, पाणी शेंदताना कुणा सुनेचं मंगळसूत्र घसरलं की बोलावणं यायचं अप्पांना. पार जनवाड्याकडनं माणसं गाडीवर घ्यायला यायची. अप्पा पैसा घेत नसत. विहीरवाल्यानं काठावर नारळ फोडायचा, अप्पांनी छाती भरून दम घ्यायचा आणि खाली जायचं, एवढाच रिवाज. काठावरची माणसं तोंड मिटून उभी राहायची. अप्पा वर आले की आधी वस्तू दिसायची आणि मग त्यांचं डोकं.

त्यांच्या दमाचा आम्हाला भारी तोरा होता. शाळेत मी सांगायची की आमचे अप्पा खाली गेले की वर बाई चहा करून पिऊन घेते. ही थाप होती, पण अगदीच नव्हती.

मग एका साली तुरी काढायच्या दिवसांत जनवाड्याच्या एका विहिरीत ते मोटारीला दोर बांधायला उतरले आणि वर आलेच नाहीत. कमरेला दोर होता म्हणून वाचले. दोघांनी ओढून काढलं तेव्हा ओठ जांभळे झाले होते. सरकारी दवाखान्यात रात्र काढून ते घरी आले. आईनं त्यांचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आणि विहिरीत उतरणार नाही अशी शपथ घातली. त्यांनी ती मुकाट घेतली.

शपथ पाळली, पण माणूस आटला. विहीर लागू नये म्हणून ते शेताकडं लांबच्या वाटेनं जायला लागले. बादलीत हात घालणंसुद्धा सोडलं, आंघोळ दुसऱ्यानं काढून दिलेल्या तांब्यानं. पारावर बसणं बंद. कुणी काही विचारलं की 'व्हय' नाहीतर 'न्हाई'. आई म्हणायची, जित्ता हाय ना, मग बास. मला मात्र बास वाटेना. मला राग यायचा, आणि तो कुणावर काढावा हे कळायचं नाही, म्हणून मी ड्रायव्हरवर काढायची.

अशात माझ्याकडं काही नवे शिकलेले लोक आले, त्यांना अंदमानची टूर हवी होती. मला अंदमानमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आलेलं गिऱ्हाईक सोडायचं नाही म्हणून फोनवर व्हिडिओ बघत बसले होते. त्या दिवशी अप्पा औषधं घ्यायला आले होते आणि गाळ्यात खुर्चीवर भिंतीकडं बघत बसले होते. व्हिडिओत एक माणूस पाठीवर सिलिंडर लावून निळ्या पाण्यातून चालला होता आणि त्याच्या तोंडातून बुडबुडे निघत होते.

अप्पांची मान वळली.

"हे खरं हाय का?"

"खरंच की अप्पा."

"पाण्याखाली येवढा उजेड असतो?"

मी म्हटलं, समुद्रात असतो. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ धरला.

"हिरीत कायच दिसत न्हाई गं. डोळे उघड, न्हाईतर झाक, काळंच. म्या आख्खा जनम हातानं चाचपूनच काम केलो. खाली काय हाय ते कधी बघितलोच न्हाई."

कितीतरी महिन्यांनी ते एका दमात इतकं बोलले होते. मी तिथंच ठरवलं. आधी अप्पा जातील, गिऱ्हाईक मागून.

आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थापतच राहिली.

"मी त्येनला शपथ घातलेली हाय."

"ती विहिरीची. हा समुद्र आहे."

"समुद्र काय तुज्या बापाची बादली हाय? हीर बारकी पडली म्हनून आता समुद्रात बुडवायलीस व्हय?"

मी पुष्कळ समजावलं. हवा पाठीवर असते, शिकवणारा माणूस धरूनच नेतो, पोहता न येणारेसुद्धा जातात. ती कशालाच बधली नाही. शेवटी म्हणाली, डॉक्टरनं लिहून दिलं तर, आणि ती स्वतः सोबत येऊन बघणार असेल तर. मला वाटलं होतं डॉक्टर नाहीच म्हणणार. आईलाही तेच वाटलं असणार, म्हणूनच तिनं अट घातली. पण बीदरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, हृदयाची पट्टी काढली, रक्तदाब दोनदा मोजला आणि फुप्फुसं पोरासारखी आहेत म्हणून कागद दिला. आई डॉक्टरवर रुसली.

मग मी बसले आखणीला, आणि यात्रा आखते तशीच आखली. पहाटे हैदराबादहून विमान, त्याच दिवशी बोटीनं बेटावर, दुसऱ्या दिवशी सराव, तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात दर्शन, दुपारी विमान, रात्री जेवायला घरी. एक मिनिट वाया जात नव्हतं. डायव्हिंग शिकवणाऱ्या सेंटरला फोन लावला तर एक मुलगी बोलली, आवाज कोवळा पण बाई ठाम. तिनं माझा तिसरा दिवस ऐकला आणि म्हणाली, डायव्हिंगनंतर त्याच दिवशी विमान नाही. आख्खा दिवस जमिनीवर काढावा लागेल.

मी म्हटलं, आम्ही थकत नाही, आमची माणसं तिरुपतीला रात्रभर रांगेत उभी राहून सकाळी गाडीत बसतात. ती म्हणाली, थकण्याचा प्रश्न नाही. खोल पाण्यात हवा रक्तात मुरते, ती हळूहळू बाहेर पडावी लागते. गोळी सोड्याची बाटली फट्‌कन उघडली की कसं फसफसतं, तसं विमानात अंगात व्हायला नको. हे मला पटलं, पण एक दिवस नुसतं बसून राहायचं ह्या कल्पनेनं माझं डोकं दुखायला लागलं. उरलेला वेळ भरायला मी त्या बेटावरचं देऊळ शोधत बसले.

फोन ठेवताना तिनं विचारलं, वडिलांना पोहता येतं का? मी म्हटलं, पोहणं कसलं, ते कितीही वेळ दम धरून राहतात, तुम्हीच त्यांच्याकडून शिकाल. ती मग म्हणाली, "अच्छा. देखते हैं." मला वाटलं, दबली.

निघताना आईनं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि एक नारळ बांधून घेतला. समुद्र काय आणि विहीर काय, उतरायच्या आधी नारळ फोडायचाच. हैदराबादच्या विमानतळावर तपासणीत तो नारळ काढून घेतला. आई त्या पोलिसाशी दखनीत भांडली, "बाबा, देव का है, मार कू थोडाच फेकती मैं?" त्यानं हात जोडले, पण नारळ दिला नाही. बेटावर उतरलो तर वाटेवर दोन्ही बाजूंना नारळ पडलेले, लाथ मारली तरी नारळच. आईनं माझ्याकडं असं बघितलं की जसं मीच हे आधी सांगायला हवं होतं. हवंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सराव. किनाऱ्याजवळ कमरेएवढं पाणी, खाली स्वच्छ वाळू. ती मुलगी आली, फोनवरचीच. उन्हानं रापलेली, केस पिवळट झालेले. तिनं हिंदीत सगळं समजावलं. तोंडात ही रबरी नळी धरायची, कानात दुखलं तर नाक दाबून फुंकायचं, आणि एकच नियम विसरायचा नाही, श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना श्वास रोखला तर छातीतली हवा फुगून फुप्फुस फाटू शकतं. "बुलबुले आते रहने चाहिए, अंकल."

"हौ मा," अप्पा म्हणाले.

त्यांनी काठावर नारळ फोडला, नळी तोंडात धरली, छाती भरून घेतली आणि पाण्यात बसले. बुडबुडे नाहीत. एकही नाही. पाणी काचेसारखं शांत आणि आत अप्पा दगडासारखे बसलेले. पाठीवर टाकीभर हवा असताना दम धरून! त्या मुलीनं दंडाला धरून वर काढलं, तर अप्पांचा चेहरा असा, की बघा, कसं जमलं?

पुन्हा समजावलं. पुन्हा खाली. पुन्हा बुडबुडे नाहीत. अप्पांना कळत होतं, मान डोलवत होते, पण डोकं पाण्याखाली गेलं की छातीचं दार आपोआप बंद व्हायचं. आयुष्यभर ह्याच एका गोष्टीनं त्यांना जिवंत ठेवलं होतं आणि आता ती मुलगी म्हणत होती की हीच सोडा. मला पोहणं येत नाही, दम म्हणजे काय ते ठाऊक नाही, तर मला पहिल्याच वेळी जमलं. माझ्या तोंडातून बुडबुडे निघायला लागले तेव्हा मला शरमच वाटली.

पुष्कळ वेळ गेला. शेवटी ती मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, मी असं कुणाला खोल नेऊ शकत नाही, धोका आहे. तुम्ही उद्या जा, ते बोटीत बसतील. मी तिच्यावर चिडले. चिडून उपयोग नव्हता, कारण ती बरोबर होती.

अप्पा वाळूवर बसले होते. तेच तोंड, गाळ्यातल्या खुर्चीवरचं, भिंतीकडं बघणारं. मी जवळ गेले तर म्हणाले, "तू जा गं. बघून ये. मग मला सांग."

त्या वेळी मला वाटलं की आपण उगाच आणलं. घरी निदान आशा नव्हती. इथं आणून आशा दाखवली आणि काढून घेतली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते समुद्राचं असल्यासारखं पुसलं.

आई झाडाखाली भाकरीचं गाठोडं घेऊन सकाळपासून बसली होती. मी मनात म्हटलं, आता हिला आनंदच झाला असेल, परस्पर अडथळा आला. ती उठली. त्या मुलीकडं गेली आणि तिच्या हातातली रबरी नळी मागून घेतली. उलटी करून बघितली, तोंडाचं टोक बघितलं. मग अप्पांपुढं येऊन उभी राहिली.

"ओ, ऐकायलाव का? ही काय हाय?"

अप्पांनी मान वर केली.

"फुंकणी हाय ही. आपल्या चुलीची फुंकणी. रोज बघताव की. मी चूल फुंकताना दम धरून बसले तर जाळ लागंल का? फुंक, मग घे. फुंक, मग घे. तुमी आधी घ्यायलाव आनि मग कुलूप लावायलाव. कामून? घ्यायचं नंतर. आधी फुंकायचं."

"पान्यात कुठली चूल," अप्पा पुटपुटले.

"चला, मी हाय."

आणि जी बाई आयुष्यात गुडघ्याच्या वर पाण्यात गेली नव्हती, ती नेसत्या लुगड्यानिशी समुद्रात शिरली. लुगडं फुगून वर यायचं, ती एका हातानं ते दाबायची आणि दुसऱ्या हातानं अप्पांना ओढायची. मी मागं धावले, ती मुलगीही धावली. कमरेएवढ्या पाण्यात मुलीनं त्यांच्या पाठीवर टाकी चढवली, आईनं त्यांना बसवलं, तोंडात नळी दिली, आणि टाकीच्या कडेनं बरगड्यांवर तळहात ठेवला. "फुंका," म्हणून तळहात दाबला. अप्पांचं डोकं खाली गेलं.

काही नाही.

तिनं पुन्हा दाबला, जोरात, अंग टाकून. आणि पाण्यावर एकदम ढीगभर बुडबुडे उसळले. आईनं तळहात सैल सोडला. मग दाबला. पुन्हा बुडबुडे. सैल, दाब, सैल, दाब. पिठाच्या गोळ्याला द्यावा तसा नेमका. थोड्या वेळानं तिनं हात काढून घेतला आणि उचलून वर धरला, बघा म्हणून. बुडबुडे येतच राहिले. ती मुलगी टाळ्या वाजवायला लागली. मी हसत होते की रडत होते, मला कळलं नाही, पण अंगावरचं ओझं उतरल्यासारखं मोकळं वाटलं एवढं खरं. आई मात्र माझ्यावर ओरडली, "हसायलीस काय? लुगडं धर, वाहून चाललंय!"

दुसऱ्या दिवशी बोट. ती मुलगी अप्पांना धरून खाली उतरली आणि दुसरा एक शिकवणारा मला. कान दुखले, नाक दाबून फुंकलं, दुखायचे थांबले. मग खाली बघितलं. पोवळ्यांची झुडपं, पिवळे मासे, हळदीत बुडवून काढल्यासारखे. एवढं सगळं असूनही मी बघत होते अप्पांकडंच. बुडबुडे येत होते, भराभरा, न चुकता.

पण अप्पा माशांकडं बघत नव्हते. मुलगी बोटानं काही दाखवत होती, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी उजवा हात डोळ्यांवरच्या काचेपुढं धरला होता. तळहात, मग पालथा. बोटं पसरली, मिटली. मग डावा. पुन्हा उजवा. मला भीती वाटली, काही लागलं का, काही चावलं का? मी माझ्या शिकवणाऱ्याला खुणावलं. पण ती मुलगी त्यांच्याजवळच होती, तिनं बोटांचा गोल करून सारं ठीक आहे असं कळवलं आणि अप्पांनीही हात बघायचं थांबवून तसाच गोल केला.

वर आलो. बोटीत चढवताच आईनं आधी त्यांचे ओठ बघितले. लाल होते. मग ती बसली, म्हणजे बसलीच. पदरानं त्यांचं डोकं पुसताना तिनं विचारलं, "काय दिसलं?"

"हात," अप्पा म्हणाले.

"काय?"

"माजे हात गं. आख्खा जनम पान्यात ह्या हातानं शोधलो. कुनाकुनाच्या घागरी, कुनाकुनाचं सोनं. पन पान्यात हे कधी बघितलोच न्हवतो. कसे दिसतेत बघ. ढळढळीत."

आई म्हणाली, "इमानात बसून येवढ्या लांब आलाव, आनि हातच बघून आलाव? ते तर घरी बी हायत की." पण तिचा पदर आता त्यांच्या हातांवरून फिरत होता. अप्पा हसले. दात दाखवून, पहिल्यासारखे. जनवाड्याच्या त्या विहिरीनंतर मी ते हसू पहिल्यांदा बघितलं, आणि मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी त्या बोटवाल्यालाच दोन भाकरी खायला लावल्या.

जो दिवस वाया जाईल म्हणून मी भांडले होते, तो आम्ही किनाऱ्यावर काढला. देवळाला गेलोच नाही. अप्पा गुडघाभर पाण्यात उभे राहून आईला शिंपले काढून देत होते आणि आई ते बघून, नको, फुटका आहे म्हणून परत टाकत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा घड्याळ न बघता बसले. आता गिऱ्हाइकांना अंदमान आखून देते तेव्हा तो मोकळा दिवस मी आधी लिहिते, मग विमान.

परत आल्यावर एका रविवारी मी कोहिनूरला गेले होते. शेजारच्या शेतातला एक माणूस आला. त्याची मोटार विहिरीत पडली होती. त्यानं अप्पांना बोलावलंच नाही. गेल्या तुरीपासून कुणीच बोलवत नव्हतं. त्याला फक्त आमचा गळ हवा होता, विहिरीत सोडायचा लोखंडी आकडा. अप्पांनी तो माळ्यावरून काढला, पण त्याच्या हातात दिला नाही.

"थांब. म्या बी येतो. उतरनार न्हाई, वरून सांगतो."

चुलीपुढं आईची भाकरी तव्यावर होती. तिनं ती उलटायची ठेवून दाराकडं बघितलं. अप्पा विहिरीकडच्या जवळच्या वाटेनं गेले.

भाकरी करपली ती मी खाल्ली. आईनं दुसरी थापली, मग तिसरी, आणि तिचं लक्ष सगळं बाहेर. ऊन कललं तेव्हा अप्पा आले, गळ खांद्यावर. "निघाली," एवढंच म्हणाले. आई उठून त्यांच्याजवळ गेली आणि वाकून त्यांच्या धोतराचा काठ दोन्ही हातांनी चाचपला, पुढून, मग मागून. काठ कोरडा होता.

"काय बघायलीस?" अप्पांनी विचारलं.

"काय न्हाई. हात धुवा, भाकर गरम हाय."

अप्पा न्हाणीकडं गेले. तांब्या तिथंच होता, पण तो त्यांनी उचलला नाही. भरलेल्या बादलीत दोन्ही हात कोपरापर्यंत घातले आणि बोटं पसरून बघत बसले. आईनं दोनदा हाक मारली तरी ते उठले नाहीत.